मुळशीहून दिसणारे विलायतेचे मुख्य प्रधान



इंग्लंडच्या मुख्य प्रधानांत उत्तम कोण आणि अधम कोण, असा आजचा विषय आहे. तो ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्यांचे राज्य १९४७ साली गेले, त्यांच्या कारभाऱ्यांची गुणानुक्रमे यादी लावण्याचा उद्योग आपण, आणि तोही या मुळशीच्या मुलखात, कशासाठी करावा? शंका रास्त आहे. परंतु आमचे म्हणणे असे की, ही यादी लावण्याचा अधिकार लंडनच्या प्राध्यापकाइतकाच या खोऱ्यालाही आहे. घरधन्याचा स्वभाव पाहुण्याला विचारून कळत नाही. परसदारी राबणाऱ्या गड्याला विचारावा लागतो.

विलायतेत हा खेळ मोठ्या आवडीने खेळतात. १७२१ साली अधिकारावर आलेला वॉल्पोल हा तेथील पहिला मुख्य प्रधान, असे मानण्याची रूढी आहे. तेव्हापासून पन्नासांहून अधिक माणसे त्या खुर्चीवर बसली. २००४ साली लीड्स विद्यापीठाने विसाव्या शतकातील मुख्य प्रधानांविषयी तिकडील अध्यापकांची मते मागविली, तेव्हा पहिला मान ॲटली यांना मिळाला, दुसरा चर्चिल यांना, तिसरा लॉइड जॉर्ज यांना. सर्वांत खाली आले अँथनी ईडन. १९५६ च्या सुएझ प्रकरणाने त्यांचे नाव बुडाले होते. सगळ्या इतिहासातला अधम म्हटला की अमेरिका गमावणाऱ्या लॉर्ड नॉर्थचे नाव हटकून निघते. अलीकडे, २०२२ साली, लिझ ट्रस या बाई एकोणपन्नास दिवसांत पायउतार झाल्या. आपल्याकडे सहकारी सोसायटीचा चिटणीससुद्धा याहून अधिक टिकतो.

या याद्यांची मापे पाहा. युद्ध जिंकले की हरले, निवडणुका किती जिंकल्या, दवाखाने काढले की बंद केले, पौंड चढला की उतरला. मापे त्यांच्या घरची आहेत आणि घरच्यापुरती ती ठीकच आहेत. पण तेवढ्यानेच मोजायचे तर आपल्याला चमत्कारिक निकाल द्यावे लागतील. त्यांचा अधम जो लॉर्ड नॉर्थ, त्याच्याच कारकीर्दीत, जानेवारी १७७९ मध्ये, मुंबईहून बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला आपल्या शेजारच्या मावळात वडगावी हात टेकावे लागले आणि तह करावा लागला. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या बाजूने पाहिले तर असा मुख्य प्रधान विलायतेला दर दहा वर्षांनी लाभावा! उलट १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा मुख्य प्रधान कोण होता, हे या सभेत किती जणांना सांगता येईल? लॉर्ड लिव्हरपूल. पंधरा वर्षे तो त्या जागेवर होता. आपल्याला एल्फिन्स्टन ठाऊक आहे. ज्याच्या अमदानीत शनिवारवाड्यावरचे निशाण उतरले त्या लिव्हरपूलचे नाव कोणाच्या जिभेवर नाही. दूर बसलेल्या सत्तेची हीच रीत असते. तिचा हात दिसतो, तोंड दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्राचीही एक जुनी यादी होती, आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर ग्लॅडस्टन होता. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा विलायतेत डिझरायलीचे राज्य होते. त्याच्या कारकीर्दीत, १८७८ साली, देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने त्याला हरवून रिपनला इकडे पाठविले. तो कायदा गेला, नगरपालिका-लोकलबोर्डांना थोडाफार अधिकार मिळाला. रानडे-गोखल्यांच्या पिढीला वाटले, इंग्लंडात न्यायबुद्धी नावाची वस्तू आहे आणि तिचे मानवी रूप ग्लॅडस्टन होय. समोर तुलनेला सॉल्सबरी होताच. १८८८ साली दादाभाईंचा उल्लेख त्याने जाहीर सभेत ‘काळा माणूस’ असा केला. त्याचे उत्तर लंडनच्या मतदारांनी १८९२ साली दिले. उदारमतवादी पक्षाच्या तिकिटावर दादाभाई पार्लमेंटात गेले, आणि त्याच निवडणुकीने ग्लॅडस्टन चौथ्यांदा मुख्य प्रधान झाला. त्या दिवशी पुण्यातल्या नेमस्त मंडळींना केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करावी.

त्या भक्तीची आज टिंगल करणे सोपे आहे, आणि आम्हाला ती करावयाची नाही. ग्लॅडस्टन मोठा होताच. आयर्लंडातील कुळांना जमीनदार मन मानेल तेव्हा हुसकून देत, त्यांच्यासाठी त्याने १८७० साली एक आणि १८८१ साली दुसरा असे कायदे केले. न्याय्य खंड, कसणाऱ्याचा जमिनीवरील टिकाव आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक या तीन गोष्टी १८८१ च्या कायद्याने आयरिश कुळाच्या पदरात पडल्या. जमीन ही नुसती विकत घेण्याची वस्तू नव्हे, तिच्यात कसणाऱ्याचा जीव गुंतलेला असतो, हे ज्याने कायद्यात उतरविले असा राज्यकर्ता सहजी मिळत नाही.

आता याच ग्लॅडस्टनची १ मार्च १८९४ ही तारीख घ्या. त्या दिवशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने आपल्या मंत्रिमंडळाची शेवटची बैठक घेतली. सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, म्हाताऱ्याला मात्र त्या रडण्याचा कंटाळाच आला, असे सांगतात. त्याच दिवशी त्याने पार्लमेंटात आपले शेवटचे भाषण केले. भाषणाचा विषय कोणता होता? खेड्यांना स्वतःच्या पंचायती देणारा कायदा! लॉर्डांच्या सभेने त्या बिलाची मोडतोड केली म्हणून ग्लॅडस्टन तिला ताकीद देत होता.

आणि त्याच दिवशी, त्याच १ मार्च १८९४ रोजी, हिंदुस्थानात एक कायदा अमलात आला. त्या सालचा पहिला कायदा, भूमिसंपादनाचा.

आमच्या आजच्या बोलण्याचा सगळा गाभा या एका तारखेत आहे, म्हणून येथे थोडे थांबू. या कायद्याचे सहावे कलम म्हणते की, अमुक जमीन सार्वजनिक कामासाठी किंवा एखाद्या कंपनीसाठी हवी आहे असे सरकारने एकदा जाहीर केले की ती जाहीरनाम्याची ओळ हाच निर्णायक पुरावा. काम खरोखर सार्वजनिक आहे काय, हे विचारण्यास जागा नाही. कंपनीसाठी जमीन घेण्याचा तर स्वतंत्र भागच त्यात होता. काम लोकांच्या उपयोगाचे आहे एवढे सरकारला पटले की पुरे. तेविसावे कलम भरपाईचे. बाजारभाव द्यावा, आणि घेणे सक्तीचे आहे म्हणून शेकडा १५ वर द्यावेत. आणि चोविसाव्या कलमात भरपाई ठरविताना काय काय जमेस धरू नये याची यादी आहे. त्यात दुसरीच बाब अशी की, ज्याची जमीन जावयाची त्याची ती सोडण्याची नाखुशी जमेस धरू नये.

नाखुशी जमेस धरू नये. आयर्लंडच्या कुळाची नाखुशी ज्याने कायद्याच्या पुस्तकात सोन्याच्या अक्षरांनी लिहिली, त्याच्याच सरकारच्या नावे हिंदुस्थानच्या कुळाची नाखुशी एका ओळीत खोडली गेली. योगायोग म्हणावा तर आणखी एक आहे. या कायद्याच्या आधीचा भूमिसंपादनाचा कायदा १८७० सालचा, म्हणजे ग्लॅडस्टनच्याच पहिल्या कारकीर्दीतला, आणि आयर्लंडचा पहिला कायदाही त्याच सालचा.

कोणी म्हणेल, हा अन्याय होतो आहे. कायदा कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या मंडळात झाला, ग्लॅडस्टनने तो वाचलाही नसेल. अगदी बरोबर. त्याने तो वाचला असेल असे आम्हालाही वाटत नाही. परंतु त्याच्या मंत्रिमंडळात किंबर्ली नावाचा भारतमंत्री बसत होता. हिंदुस्थानात होणारा कोणताही कायदा अमान्य करण्याची सत्ता विलायतेच्या हाती होती. वाचावासा वाटला नाही, हीच तर गोष्ट आहे. आयर्लंडचे शंभरांवर सभासद पार्लमेंटात बसत, म्हणून आयरिश कुळ मुख्य प्रधानाच्या स्वप्नात येई. मावळातल्या कुळाकडून तेथे कोण बसणार? एकटे दादाभाई.

सत्तावीस वर्षांनी तो कायदा या खोऱ्यात चालून आला. टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून, पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी सह्याद्रीपलीकडे वळवावे, कोकणात भिरा येथे ते शेकडो फूट खाली सोडून वीज करावी आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावी, अशी योजना ठरली. पन्नासच्या आसपास गावे आणि दहा-अकरा हजार माणसे तिच्या आड येत होती. आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली जावयाची होती. भाताचे खाचर म्हणजे काय हे येथे कोणाला सांगावयास नको. उतारावर बांध घालून, माती धरून, ते एका माणसाच्या आयुष्यात तयार होत नाही. कलेक्टरच्या तक्त्यात मात्र त्याचा एकरी भाव लिहिता येतो. आणि तो भाव ज्याचे नाव दफ्तरात असेल त्याला मिळावयाचा. कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. सावकाराला नाखुशी कसली? त्याला रोकड हवी होती. नाखूष होता तो कसणारा, आणि त्याच्या नाखुशीची वाट चोविसाव्या कलमाने आधीच लावली होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. वॉल्पोलच्या मुख्य प्रधानकीला त्याच एप्रिलात बरोबर दोनशे वर्षे होत होती. अर्थात तो उत्सव येथे कोणी केला नाही. काही काळ काम थांबले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना विनंती केली की कायदेशीर हक्कावर अडून बसण्यापेक्षा त्या लोकांशी बोलून पाहावे. पण कंपनीच्या पाठीशी कायदा होता, आणि कायद्याच्या पाठीशी पोलीस. पुढे पुरुष तुरुंगात गेले, स्त्रियाही गेल्या. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांची नावे या लढ्याशी कायमची जोडली गेली.

बापटांविषयी एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ते १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोस गेले होते. इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केल्याने ती शिष्यवृत्ती गेली. १९०६ च्या आरंभी विलायतेत उदारमतवादी पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले, ते दिवस त्यांनी तेथे पाहिले. ज्या पक्षावर रानडे-गोखल्यांनी श्रद्धा ठेवली त्याचा तो सर्वांत मोठा विजय. आणि त्याच पक्षाचे ॲस्क्विथ मुख्य प्रधान व मोर्ले भारतमंत्री असताना, जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. हा मोर्ले ग्लॅडस्टनचा पट्टशिष्य आणि चरित्रकार! बापटांना विलायतेचा कोणताही मुख्य प्रधान भुरळ घालू शकला नाही, याचे आम्हाला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

१९२१ साली मुख्य प्रधान होते लॉइड जॉर्ज. मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. एकाचे नाव उलटे केले की दुसरा तयार होतो, आणि त्यामुळे पुष्कळांचा आजही घोटाळा होतो. भाटघरच्या धरणाला ज्याचे नाव दिले तो लॉइड म्हणजे गव्हर्नर. मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज निराळा, आणि आमचे खरे भांडण त्याच्याशी आहे.

कारण हा माणूस जमिनीच्या प्रश्नावर मोठा झाला होता. वेल्समधल्या एका लहान खेड्यात तो वाढला. १८६८ च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिले म्हणून वेल्समध्ये कुळांना घराबाहेर काढण्यात आले. ती हकिगत तो आयुष्यभर विसरला नाही. १९०९ साली अर्थमंत्री म्हणून त्याने मांडलेले अंदाजपत्रक पाहा. धन्याने काडी न हलवता जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीचा पाचवा हिस्सा सरकारने घ्यावा, असा कर त्यात होता. लाइमहाउस येथे ३० जुलै १९०९ रोजी त्याने जमीनदारांवर अशी झोड उठविली की राजेसाहेबही अस्वस्थ झाले. लॉर्डांनी अंदाजपत्रक फेटाळले, त्यावरून निवडणूक झाली, शेवटी लॉर्डांचा नकाराधिकारच छाटला गेला. हे सगळे जमिनीच्या नावाने. आणि ते जमिनीवरचे कर १९२० साली रद्द केले कोणी? हुजूर पक्षाशी हातमिळवणी करून मुख्य प्रधान झालेल्या याच लॉइड जॉर्जच्या सरकारने.

आणखी एक गोष्ट. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून १८८० नंतरच्या दशकात वेल्समधले लानूदिन हे गाव धरणात बुडविले गेले. लॉइड जॉर्ज तेव्हा विशी-पंचविशीचा वकील. दूरच्या शहराची तहान भागविण्यासाठी डोंगरातले गाव बुडते तेव्हा काय होते, हे समजण्यासाठी त्याला मुळशीस येण्याची गरज नव्हती. म्हणून आमचा निकाल असा : ग्लॅडस्टनला म्हातारपणाची आणि अज्ञानाची सबब सांगता येईल, लॉइड जॉर्जला ती सांगता येत नाही. ज्याला दुखणे माहीत होते आणि तरीही ज्याने तिकडे पाहिले नाही, तो या खोऱ्याच्या यादीत सर्वांत खाली. चर्चिल नव्हे.

चर्चिलचे नाव न घेतल्याने काही तरुण मंडळी नाराज झालेली दिसतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, आणि धान्याच्या जहाजांविषयी त्याच्या मंत्रिमंडळाने जे केले व जे केले नाही, त्याबद्दल त्याला कोणी अधम म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु चर्चिलने हिंदुस्थानचा मित्र असल्याचे सोंग कधी घेतले नाही. त्याच्यापासून आपण फसलो नाही. मुळशी फसली ती मित्रांकडून.

सत्याग्रह १९२१ ते १९२४ चालला. एवढ्या काळात विलायतेत लॉइड जॉर्ज गेला, बोनार लॉ आला, बाल्डविन आला, आणि जानेवारी १९२४ मध्ये रॅम्से मॅक्डोनल्ड हा मजूर पक्षाचा पहिला मुख्य प्रधान झाला. मजूर पक्षाविषयी आपल्याकडे आशा होती. लोकमान्यांनी विलायतेच्या मुक्कामात त्या पक्षाला देणगीही दिली होती. मॅक्डोनल्डने हिंदुस्थानच्या जागृतीवर ग्रंथ लिहिलेला होता. पण वर्ष संपण्याच्या आत तो पडला आणि बाल्डविन पुन्हा आला. तीन पक्षांचे चार मुख्य प्रधान झाले, आणि धरणाच्या भिंतीवर त्या बदलांचा एक ओरखडासुद्धा उठला नाही. १९२४ मध्येच कामकऱ्यांची गाडी अडविल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटले १९३१ साली. तोपर्यंत भिऱ्याच्या यंत्रांना वीज देऊ लागून चार वर्षे झाली होती.

मग उत्तम कोण? लीड्सच्या अध्यापकांप्रमाणे आम्हीही ॲटली यांचेच नाव घेऊ, पण वेगळ्या कारणाने. १९२८ साली ज्या सायमन कमिशनपुढे काळी निशाणे फडकली त्याचे ते सभासद होते. तो माणूस पुढे वीस वर्षांत राज्य सोडून देण्याइतका बदलला. तारखेचा घोळ आणि फाळणीची घाई हे त्याच्या खात्यावरचे मोठे देणे मान्य करूनही आम्ही हे म्हणतो. ज्या यादीत मॅकमिलन वर आहेत तीत मात्र आम्हाला भर घालावीशी वाटते. १९५७ साली त्यांच्या कारकीर्दीत वेल्समधले आणखी एक गाव, केपल केलिन, पुन्हा लिव्हरपूलच्याच पाण्यासाठी बुडविण्याचा कायदा पार्लमेंटाने केला. वेल्सच्या एकाही सभासदाने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी तो झाला आणि १९६५ साली गाव पाण्याखाली गेले. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरसभेने त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे जवळच्या माणसाची नाखुशीही दर वेळी जमेस धरली जाते असे नाही. पण तेथे निदान चाळीस वर्षांनी माफी तरी येते.

आता एक अप्रिय गोष्ट, जी बोलल्याशिवाय आम्हाला बसता येणार नाही. १९४७ च्या ऑगस्टात इंग्रज गेला. १८९४ चा कायदा गेला नाही. कोयना, पानशेत, आणि याच तालुक्यातले मुठेवरचे टेमघर, ही सगळी धरणे स्वराज्यातली. भरपाईवरचा शेकडा १५ चा आकडा १९८४ मध्ये ३० झाला, पण नाखुशीचे ते चोविसावे कलम जागच्या जागी राहिले. नवा कायदा २०१३ साली झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. इंग्रजी अमलात त्या कायद्याचे वय त्रेपन्न वर्षांचे झाले. आपल्या अमलात तो सहासष्ट वर्षे जगला. इंग्लंडच्या मुख्य प्रधानांची यादी लावताना वापरलेले माप आपल्या पंतप्रधानांना आणि मुख्यमंत्र्यांना लावले तर क्रम कसा लागेल, हे आम्ही येथे सांगत नाही. त्यासाठी निराळी सभा लागेल आणि बहुधा निराळा मांडवही लागेल. आणि मुळशीची वीज मुंबईला गेली ती आपल्याच माणसांच्या गिरण्यांना, दुकानांना, घरांना. कंपनी देशी होती, भांडवल देशी होते, सावकार पुण्याचे होते. लॉइड जॉर्जच्या डोक्यावर आम्ही जो दोष ठेवला त्यातला किती उतरवून आपल्याकडे घ्यावा, याचा हिशेब आमचाही पुरता जुळलेला नाही.

अध्यक्षमहाराज, घड्याळ आमच्याकडे रोखून पाहते आहे. ग्लॅडस्टनच्या बाजूने बोलण्यासाठी पुण्याहून आलेले एक जुने शिक्षक समोर बसले आहेत, त्यांना आधी वेळ द्यावा. आणि चर्चिलच खाली असा ज्यांचा आग्रह आहे त्यांनी त्यानंतर उठावे.